आधी लस, मग ओटीपी

माझं काम शेळ्यामेंढ्यांना आणि गुरांना लस टोचायचं. सरकारी दवाखान्यात लागले तेव्हा स्कूटीवर बर्फाची पेटी बांधायची आणि वस्त्या गाठायच्या, एवढंच होतं. मग मोबाइलवर अ‍ॅप आलं. मी काही त्याच्यावर डूख धरून बसले नाही. शेळ्यांच्या कानात पिवळे बिल्ले मारले, त्यांचे नंबर भरले, मालकांचे मोबाइल जोडले. डोकं फिरलं ते ओटीपीवरून. नवा आदेश निघाला: मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो अ‍ॅपमध्ये भरायचा आणि मगच सुई टोचायची.

त्या आठवड्यात बेंबळीच्या पुढं एका धनगर वस्तीवर गेले होते. शेळ्या चरायला सुटायच्या आत गाठाव्या लागतात, एकदा माळावर पांगल्या की कोण कुणाला धरणार? म्हणून नेहमीसारखी गेल्या गेल्या लसीची पूड पाण्यात कालवून बर्फात ठेवली. कालवलेली बाटली दोन तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. मग पहिल्या शेळीचा नंबर टाकला आणि ओटीपी गेला पुण्याला.

शेळ्या ज्यांच्या, त्या मावशींकडं फोन नाही. त्यांनी मुलाचा नंबर दिलेला.

"पोरगं कंपनीत हाय. फोन गेटवर ठिवून घेत्यात. आता सांच्यालाच बोलंल," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडं रोखून बघत, "शेळ्या माज्या, राखती मी, अन् इचारायचं त्येला व्हय?"

आदल्या थंडीत बुळकांडीनं, ज्या रोगाची ही लस त्यानंच, त्यांचा अर्धा कळप गेला होता. उरलेल्या शेळ्यांवरच त्या जगत होत्या. मी दवाखान्यातल्या साहेबांना फोन लावला.

"ओटीपी नाही तर डोस नाही. पुढच्या वस्तीवर जा, मॅडम."

"साहेब, लस कालवलीय."

"आदेश वरचा आहे."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "मावशी, धरा पहिली." शेवटच्या करडापर्यंत टोचलं. बाटली रिकामी झाली तेव्हा इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या बैठकीत भिंतीवरच्या पडद्यावर सगळी गावं हिरवी आणि माझी वस्ती तेवढी लाल. लसीकरण शून्य. शेजारच्या सहकाऱ्यानं कानात सांगितलं, "अहो, मालकाच्या जागी आपलाच नंबर टाकायचा. ओटीपी आपल्याकडंच येतो. घरबसल्या गाव हिरवं." साहेबांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. वर मलाच म्हणाले, "सगळ्यांना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही? आजच्या आज भरून टाका."

माझा पारा चढला. "म्हणजे कागदोपत्री त्या शेळ्या माझ्या? उद्या एखादी मेली तर भरपाईही माझ्याच नावावर काढणार का? मी टोचलंय, येऊन बघा. खोटा नंबर मी टाकणार नाही."

"मग तुमचं काम शून्य धरावं लागेल."

"धरा."

बैठकीत कुणी चहासुद्धा पुढं केला नाही. घरी येऊन रडले, खोटं कशाला बोलू? पण नंबर टाकला नाही.

महिन्याभरात बुळकांडी आली. आली ती त्या हिरव्या गावांपैकी एका गावात. साहेबांनी मलाच पिटाळलं, अजून धडधाकट असलेल्या शेळ्या तातडीनं टोचायला. गावात शिरले तर ओढ्याकडेला मेलेल्या शेळ्या पुरायचं चाललं होतं. लस दिली होती ना, असं विचारल्यावर एक बाई अंगावरच आली. "कुणी दिली? हितं कुणी फिरकलंबी न्हाय!"

एका तगड्या शेळीच्या कानातला नंबर अ‍ॅपमध्ये टाकला. लसीकरण पूर्ण, असं आलं. दुसरीचा टाकला, तेच. नवा डोस नोंदवायची सोयच बंद. मी तिथूनच साहेबांना फोन केला आणि मागचं रडणं त्यांना ऐकू जाईल असा धरला.

"साहेब, अ‍ॅप म्हणतंय, यांना लस दिलेली आहे."

ते हळूच म्हणाले, "कसंही करून नोंदीत बसवा, मॅडम."

"मी टोचतेय. नोंदीचं तुम्ही बघा. आणि इथल्या बायांना मेलेल्या शेळ्यांचा जबाबही तुम्हीच येऊन द्या," मी म्हणाले आणि लस कालवायला घेतली.