घरच्याच आहेत त्या

आंबिलीचं पातेलं वहिनीसाहेबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. हसत घेतलं. "राहू द्या मॅडम, तुम्ही तर घरच्याच," म्हणाल्या. पंगतीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. मागच्या दाराशी सालगडी उभा होता. पातेलं त्याच्याकडं गेलं. त्यानं ते गोठ्यात नेलं आणि म्हशीपुढच्या घमेल्यात ओतलं. सगळं. तळाला चिकटलेलं पण हातानं निपटून.

म्हैस प्याली. तिला काय.

मी तिथंच दारात उभी. हाताला अजून पातेल्याची ऊब होती. आत गॅसवर नवी आंबील चढली. ती होईपर्यंत पंगत थांबली. पंगतभर बायका पानावर बसून राहिल्या. त्यात सुरेखा पण होती. सुरेखा म्हणजे शाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, रोज माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून खाणारी. ती पानावरच्या मिठाकडं बघत होती. जसं काही मिठात लई बघण्यासारखं होतं.

मी हदगावजवळच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवते. विनाअनुदानित शाळा. म्हणजे शिकवायचं आज आणि पगाराची वाट बघायची जन्मभर. शाळा साहेबांची. आजूबाजूची जमीन साहेबांची, रस्त्याकडचे गाळे साहेबांचे. वहिनीसाहेब त्यांच्या पत्नी. आणि मी बौद्ध. भोकरच्या आमच्या वस्तीतून बीएड झालेली पहिली पोरगी. आईनं दुसऱ्याच्या रानात निंदणं-खुरपणं करून शिकवलं मला.

शाळेत रुजू झाले त्या दिवशी साहेब म्हणाले, "आपली संस्था म्हणजे एक घर हाय मॅडम. तुम्ही आता घरच्याच."

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? कुणी आपल्याला घरचं म्हणतंय, तेही एवढ्या मोठ्या माणसानं. फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, "घरची म्हणून राहिला का तो तुला? मंग पगार न्हाई देत बघ तुला."

मी चिडले होते तिच्यावर. म्हटलं, तुला कुणाचं चांगलं दिसतच न्हाई.

मग ते घरचं असणं सुरू झालं. रविवारी या, घरच्याच आहात. साहेबांच्या मुलाच्या प्रचाराच्या चिठ्ठ्या वाटा, घरचंच काम आहे. पगार या महिन्यात नाही, समजून घ्या, घरच्या माणसानं नाही समजायचं तर कुणी? साहेबांच्या पोरीच्या लग्नात सगळ्या शिक्षकांना कामं वाटली. कुणाला वरपक्षाचं स्वागत, कुणाला आहेर, कुणाला वाढप. मला मांडवाच्या तोंडाशी खुर्ची. "मॅडम, तुम्ही गाड्यांकडं बघा, तुमच्यावर विश्वास हाय आपला." नवी कोरी साडी नेसून मी धुळीत उभी, जीपांना हात करत.

काही काही शब्दांचा मला राग येतो. शब्द कानावर पडला की मस्तकाची शीर उडते. 'समजून घ्या.' 'ॲडजस्ट करा.' 'बघू की.' 'आता कुठं राहिलंय हो तसलं काही?' आणि सगळ्यात गोड, 'तुम्ही वाटत न्हाईत हो त्यातल्या.' कशा वाटायला पाहिजे होते मी? शिंगं पाहिजे होती? पण या सगळ्यांवर कडी म्हणजे 'घरच्याच'. शिवी परवडली. शिवी दिली तर उलटून देता येते, निदान चारजणांना सांगता येते. 'घरच्याच' म्हणणाऱ्याला काय म्हणणार? तो तर मान देऊन राहिला. आपण बोललो की आपणच कृतघ्न, आपलंच डोकं फिरलेलं.

भाद्रपदात त्यांच्याकडं महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी जेवण. पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, सवाष्णींची पंगत. शाळेतल्या आम्ही सगळ्या बाया सकाळपासून तिथं कामाला. सुट्टी असते, पण घरचंच असतं ना. बाकीच्या आत पुरण वाटायच्या, भाज्या चिरायच्या, पोळ्या लाटायच्या. मी अंगणात. दरवर्षी कारण नवं आणि लई चांगलं. "मॅडमची रांगोळी म्हणजे रांगोळी!" "आत गर्मी हाय, मॅडमला सोसायची न्हाई." "केळीची पानं तुमच्यासारखी कुणाला कापता येत न्हाईत बगा." मी बोअरच्या नळाखाली ढीगभर भांडी घासायचे आणि सगळ्या मला म्हणायच्या, मजा आहे बाई तुमची, मोकळ्या हवेत.

आई म्हणायची, "आपल्यात न्हाईत महालक्ष्म्या. तू कशाला मरायला जातीस?"

कशाला जायचे? नोकरीसाठी जायचे. दुसरं काय! नऊ वर्षं झाली होती. शाळेला अनुदान मिळायची चिन्हं होती. मराठीच्या एका जागेचा प्रस्ताव दिवाळीनंतर लातूरला शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाणार होता, मान्यतेला. साहेब स्वतः म्हणाले होते, "तुमचं नाव पहिलं. घरच्या माणसाला सोडून जागा काय बाहेरच्याला देऊ का मी?" नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, ते चाललं तर चाललं. लेक दहावीला. त्या एका जागेवर आम्ही तिघं डोळे लावून बसलो होतो. म्हणून रांगोळी. म्हणून भांडी.

त्या दिवशी वाढायला बाया कमी पडल्या. पंगत बसली होती. आतून कुणीतरी ओरडलं, "अगं आंबील आणा गं कुणीतरी! पानं वाळून राहिलीत!" पातेलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलेलं. मी बाहेरून हात धुऊन आलेले. उचललं. मी काही क्रांती करायला उचललं नाही. डोक्यात कायदा नव्हता, घटना नव्हती. खोळंबा झालाय, आपले हात रिकामे आहेत, एवढंच. बाई माणूस असंच करतं कुठल्याही घरात.

आणि मग ते झालं, जे वर सांगितलं.

जेवणं उरकली. मी जेवले नाही, कुणी विचारलंही नाही. मग फोटोची वेळ झाली. दरवर्षी साहेब फोटो काढून स्टेटसला ठेवतात, 'आमचा परिवार'. महालक्ष्म्यांच्या पुढं सगळा स्टाफ उभा राहिला. मी नळाशी होते. साहेबांनी हाक मारली. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"या मॅडम, या! अशा मधी उभ्या राहा. घरच्या माणसानं मागं कशाला राहायचं?"

ते म्हणाले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. पातेलं काढून घेतलं तेव्हा मी रडले नव्हते. आता डोळे भरून आले, रागानं. ओल्या हातानं तशीच उंबऱ्यापर्यंत गेले. आत गेले नाही.

म्हटलं, "साहेब, ज्या घरात माझ्या हातची आंबील म्हशीला जाते, त्या घरची मी न्हाई."

साहेब हसले. त्यांचं हसू कधी जात नाही. "काय बोलून राहिल्या मॅडम? गैरसमज झाला तुमचा. आंबिलीत केस निघाला होता."

"केस बघितला कुणी?"

मी सुरेखाकडं बघितलं. तिनं पदर सारखा केला. मी पिशवी उचलली आणि चालत बसस्टँडवर आले.

रस्त्यात सुरेखाचा फोन आला. "कशाला बोललीस गं? तुझंच होत आलं होतं की सगळं. जाऊ द्यायचं असतं." घरी नवरा म्हणाला, "झालं ते झालं, जाऊ दे आता." भला माणूस आहे, पण थकलेला. 'जाऊ दे' हा शब्द पण मी त्या दिवसापासून रागाच्या शब्दांत घातला. लेक तेवढी म्हणाली, "आई, तू परत म्हणून दाखव ना काय म्हणालीस ते." मला म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "ताई, आंबील सांडली म्हणून गुन्हा दाखल करायचा का? शिव्या दिल्या? मारलं? जातीवरून बोलले?" मी म्हटलं, बोलले. 'घरच्याच' म्हणाले. त्याच्याकडं या शब्दाला कलमच नव्हतं. शेवटी मी बसून राहिले म्हणून अर्ज तेवढा ठेवून घेतला. साक्षीदार कोण, विचारलं. मी सुरेखाचं नाव सांगितलं. तिनं सांगितलं, मी आत होते, मला काही दिसलं नाही. सालगडी म्हणाला, म्हशीला रोजच काहीतरी घालतो मी.

दिवाळी झाली. प्रस्ताव गेला. माझं नाव वगळून. साहेबांच्या मेव्हण्याची सून, तिचं नाव. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले तर खुर्ची दिली, बसा म्हणाले. "बाहेरच्यांना न्हाई म्हणता येत न्हाई मॅडम. तुम्ही घरच्याच. तुमचं पुढच्या टप्प्यात बघू की."

ऐका. गळा कापताना पण तोच शब्द.

त्यानंतर आठवडाभरानं एका दुपारी आमच्या दारात गाडी थांबली. वहिनीसाहेब. आमच्या गल्लीत कधी पाय न ठेवलेली बाई. हातात साडीची पिशवी. आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पदर गुडघ्याखाली दाबून. माझ्या लेकीला म्हणाल्या, "केवढी झाली गं! आमच्या धाकट्या पिंकीएवढीच." मग मुद्द्यावर आल्या. तो अर्ज वर नांदेडला, जिल्ह्याच्या पोलिसांकडं गेला होता. साहेबांना चौकशीला बोलावलं होतं. मुलाची निवडणूक तोंडावर.

"घरातलं भांडण घरात मिटवावं मॅडम. नाव अजून टाकता येतंय, लातूरला साहेबांची ओळख हाय. तुम्ही एवढी सही करा. अर्ज मागं घेतला म्हणून."

कागद टीपॉयवर ठेवला. पेन त्यावर.

मन मऊ झालं माझं. का नाही होणार? नऊ वर्षं. लेकीचं पुढचं शिक्षण. नवऱ्यानं दारातून नुसतं बघितलं माझ्याकडं, आणि त्या बघण्यात सगळं होतं. मी स्वतःला म्हटलं, चुकलं असेल त्यांचं, रीत असेल, बाई आपल्या दारात आली आहे. पेन उचललं पण. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. कपबशी नवी, पाहुण्यांची. मी पेन खाली ठेवलं.

"आधी चहा घ्या वहिनीसाहेब. मग करते सही."

"राहू द्या हो. आत्ताच घेऊन निघाले."

"अर्धा घ्या."

"ॲसिडिटी हाय मला."

"मग पाणी घ्या."

वहिनीसाहेब लेकीनं पुढं ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याकडं बघत बसल्या. मी त्यांच्याकडं बघत होते. खरं सांगते, मनातून मी हात जोडत होते, पी बाई, एक घोट पी. तू प्यालीस तर मी सही करते, सगळं विसरते, म्हशीचं पण विसरते. एवढंच मागत होते. एक घोट. खोटा घोट पण चालला असता, नुसता ओठाला लावून.

त्यांनी पर्समधून स्वतःची बाटली काढली आणि प्याल्या.

"घरच्याच आहात म्हणून मोकळेपणानं सांगते," त्या म्हणाल्या, "पाणी बदललं की मला बाधतं."

मी कागद उचलला, साडीच्या पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "निघा तुम्ही," म्हटलं. त्या दिवशी नवरा माझ्याशी बोलला नाही.

मला काही आशा नाही. साक्षीदार नाही, नोकरीची जागा गेली, अर्जाचं काय होणार ते मला माहीत आहे. नांदेडच्या चौकशीला ते सगळे येतील, केसाची गोष्ट सांगतील, सुरेखा मान डोलवेल. मी हरेन. वस्तीतले शहाणे म्हणतील, काय मिळालं बाई तुला? काहीच नाही मिळणार. तरी अर्ज मागं घेणार नाही. तारीख पडेल तेव्हा जाणार. एकटी गेले तर एकटी. ते हाकलून देत नाहीत तोपर्यंत शाळेत शिकवायला पण जाणार. आणि इथून पुढं कुणीही, साहेब असो की शिपाई, मला 'घरच्याच' म्हणाला, की तिथंच, पोरांसमोर, पालकांसमोर, गावासमोर त्याला थांबवणार. म्हणणार, पाणी प्या आमच्या घरचं. मग बोला.