आमच्या घराचं चित्र

पुढाऱ्यांची नाकं बिनधास्त काढणारी मी आज दाराला आतून कडी घालून घाईघाईत हे लिहितेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला, मंडळी.

सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मी मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. वाटलं, नातवासाठी सही हवी असेल.

"ताई, गोदाकाठच्या भरावावरचं तुमचं व्यंगचित्र बघितलं. साहेबांना नाही आवडलं." आवाज अगदी मऊ.

"माझा पत्ता कोणी दिला तुम्हाला?"

"तुम्हीच की." त्याने पुस्तक उघडलं.

मुलांच्या पुस्तकात मी मनाने काहीच काढत नाही. मुलं खोटं लगेच पकडतात, म्हणून समोर दिसेल तेच काढते. पानावर आमचं निळं गेट होतं, पायरीवरची फुटकी कुंडी, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, मागे पांडवलेण्यांचा डोंगर.

"तंतोतंत काढता हो," तो म्हणाला आणि त्याने पान उलटलं. तिथे माझी नऊ वर्षांची सई, दोन वेण्या घालून, पिवळ्या सायकलवरून शाळेला निघालेली.

"रोज एकटीच जाते ना?"

मी काही बोलायच्या आत तो पायरी उतरून गेटबाहेर पडला. सही घेतली नाही. पुस्तक मात्र काखेत जपून धरलं होतं.

दुपारी सईला मीच शाळेतून आणलं. सायकल आता घरात, पलंगाला टेकवून ठेवली आहे. जेवताना तिने नेहमीसारखं विचारलं, "आई, पुढच्या पुस्तकात मी कुठे जाणार?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?