खालाच्या धाकट्याची पत्रं

सौदीतल्या यान्बूला आमच्या समोरच्या दारी एक सुदानी बाई राहतात. मी त्यांना खाला म्हणते. आमच्या रायगडकडच्या मुसलमान घरांत मावशीला खाला म्हणतात, आणि अरबीतही तेच. त्यांचा थोरला मुलगा इथे रिफायनरीत, धाकटा तिकडे सुदानात फौजेत. तिकडे देशातल्या देशात लढाई पेटलेली. धाकट्याच्या छावणीत फोन लागत नाही, म्हणून तो पत्रं लिहितो, आणि समुद्रापलीकडून कुणी येणारा असला की त्याच्या हाती पाठवतो.

खालाला वाचता येत नाही. थोरला संध्याकाळी येणार, तोवर धीर कुठला? एका सकाळी त्या पत्र घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आल्या.

"तू कुराण वाचतेस ना? मग हे वाच."

आता माझं वाचन म्हणजे लहानपणी शिकलेलं. अक्षर ओळखते, अर्थ कळत नाही. बोलायची अरबी बाजारहाटापुरती. त्यात कुराणात जेर-जबर, म्हणजे आपल्या काना-मात्रा, घातलेल्या असतात. पत्रात कोण घालतंय? तरी गॅस बंद केला आणि चाचपडत वाचायला बसले. मी वाचायचं, त्यांनी समजून घ्यायचं.

मध्येच एक शब्द माझ्या ओळखीचा निघाला. "हमाम!" मी खुशीत मोठ्याने वाचलं. खाला उजळल्याच.

"पोराला किती दिवसांनी हमाम मिळालं!" त्यांनी हात पंखांसारखे फडफडवून दाखवले. कबुतर. "भाजलं की रस्सा केला? वाच, वाच."

"साबून," मी वाचलं.

"कबुतराला साबण?"

मी ती ओळ पुन्हा बोटाने चाचपली. मग मी डोक्यावर तांब्या ओतल्यासारखं केलं.

"अगं, हम्माम!" खाला ओरडल्या. म वर जोर दिला की न्हाणीघर, नाही दिला की कबुतर. बिचारा इतकंच लिहीत होता की बऱ्याच दिवसांनी साबण लावून आंघोळ झाली. खाला फ्रिजला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तो हसल्या. तेव्हापासून पत्र आलं की आधी माझ्याकडे. थोरल्याने म्हणे नीट वाचून दाखवलं, तर त्यात मजा येत नाही.

मध्ये बरेच दिवस पत्र नव्हतं. तरी खाला यायच्या, गप्प बसून माझा लसूण सोलायच्या. मीही काही विचारायची नाही.

परवा दुपारी त्या अनवाणीच धावत आल्या, कानाला फोन. धाकट्याला सुट्टी मिळाली होती, तो बहिणीच्या गावी सुखरूप पोचला होता. मनसोक्त बोलून, दर वाक्याला 'अल्हम्दुलिल्लाह', देवाची कृपा, म्हणून झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "बोल त्याच्याशी!"

मला एकही अरबी शब्द सुचेना. तोंडातून निघालं ते घरचंच, "जेवलास काय रे?"

 तिकडून हसरा आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह, खाला."