सफरचंदं आणि लावलेलं दार

बाबांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या लालबागच्या खोलीत सफरचंदं यायला लागली. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, ते ठीक. पण ज्याच्या जबड्याचा तुकडाच काढलाय, त्याला सफरचंद? येणारा प्रत्येक जण पिशवी खाटेवर ठेवायचा, ‘खात जा, ताकद येईल’ म्हणायचा आणि आईने केलेला चहा पिऊन जायचा. मी ट्रे धरून उभी असायचे. चारचौघांत मला बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मी शिष्ट झाले, असं चाळीत मानतात. मी कधी तो समज खोडला नाही. तो सोयीचाच होता.

सगळ्यांत जास्त राग मला सख्ख्या काकांचा यायचा. गिरणीत त्यांचा आणि बाबांचा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, शेजारी-शेजारी होता. संपाच्या वेळी मी जन्मलेही नव्हते. काका काही महिन्यांनी कामावर गेले, बाबा गेले नाहीत, आणि मग शिवाजी पार्कच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. हे मला काकांकडूनच कळलं होतं, कारण ते दर खेपेला सांगायचे. “तेव्हा माझं ऐकलं असतंस तर,” अशी सुरुवात. पूर्वी बाबा यावर एखादी शिवी हासडायचे आणि दोघं हसायचे. आता बाबांना बोलताच येत नव्हतं, तरी काकांचं चालूच.

बाबांनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. पेज पुढे आली की भिंतीकडे वळायचे. असंच राहिलं तर परत भरती करून नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई मला गॅलरीत घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “सकाळपासून कायेक खाऊक नाय गो.”

आत्याने दुबईहून पाठवलेला स्लो कुकर आईने शोकेसमध्ये मांडून ठेवला होता, प्लॅस्टिकसकट. मी तो काढला. सगळ्या पिशव्या रिकाम्या केल्या, सफरचंदं सोलली, फोडी केल्या. थोडं पाणी, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर साखर घातली आणि बारीक आचेचं बटण लावलं. सुरी मी गरजेपेक्षा जोरात चालवत होते. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर वास गेला. शेजारच्या काकू डोकावल्या. “काय मॅडम, सत्यनारायण घातलाय की काय? आम्हाला बोलावणं नाही?”

फोडी अगदी मऊ झाल्यावर मी त्या रवीने घोटल्या, गाळणीतून काढल्या आणि वाटी निवत ठेवली. नेमके तेव्हाच काका आले. हातात पिशवी, पिशवीत सफरचंदं. खुर्ची ओढून त्यांनी संपापासून सुरुवात केली.

मी बाबांपुढे वाटी धरली. त्यांनी आधी उघड्या दाराकडे बघितलं, मग मूठ वळून खाली ओढली. साच्यांच्या आवाजात कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून कामगार हातांनी बोलायचे. लहानपणी बाबांनी मला त्या खुणा खेळ म्हणून शिकवल्या होत्या. ही खूण होती ‘बंद कर’, म्हणजे साचा थांबव. काकांना ती माझ्यापेक्षा चांगली कळत होती.

“बघ,” काका आईला म्हणाले, “अजून साचाच दिसतो त्याला.”

मी वाटी खाली ठेवली.

“काका, त्यांना दार लावून हवंय,” मी म्हटलं. “तुम्ही उठा.”

“मला घालवतेस?”

“हो.”

इंग्रजी शाळेत हेच शिकवतात का, असं त्यांनी आईला विचारलं. आईने त्यांच्या हातातला चहाचा अर्धा कप काढून घेतला.

ते गेले आणि मी दार लावून कडी घातली. आमच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलंच तर आत भांडण तरी झालंय किंवा काहीतरी वाईट तरी घडलंय, असं समजतात.

बाबा खायला लागले. अर्धा चमचा ओठातून परत यायचा, आवाज व्हायचा, हनुवटीखाली धरलेला टॉवेल भिजत होता. पेज त्यांना नको नव्हतीच. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर असं खायचं नव्हतं. इतके दिवस आम्ही सगळ्यांसाठी दार सताड उघडं ठेवून त्यांना भरवत होतो.

वाटी निम्मी झाली तेव्हा दारावर थाप पडली. “काय झालं गं? सगळं बरं आहे ना?” शेजारच्या काकूंचा आवाज घाबरलेला होता. त्यांच्या मागे आणखी पावलं ऐकू येत होती.

बाबांचा चमचा थांबला.

“जेवतायत,” मी आतूनच मोठ्याने म्हटलं, आणि कडी काढली नाही.