कान झाकायचं भ्या

पोरीला आकडी आली तवा मी तिच्यापासनं दोन हातांवर हुते. भाकरी थापत हुते, तवा तापला हुता, आन् मागनं तिचं रडणं चाललेलं आन् एकदम थांबलं. थांबलं म्हणून मला बरं वाटलं. ह्येच मला अजून खातंय. वळून बघितलं तर डोळं वर गेल्यालं, हातपाय ताठ, व्हट निळं. कराडला दवाखान्यात नेस्तोवर काय झालं मला धड आठवत न्हाई. डॉक्टर म्हणालं, लहान पोरांना तापात येती अशी, परत येईल न्हाईतर येणार पण न्हाई, ताप आला की लगेच औषध द्या आन् लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे किती ठेवा, त्ये काय त्यांनी सांगितलं न्हाई. मी तवापासनं ठेवतीच हाय.

तवा ती अकरा महिन्यांची हुती. ह्ये सांगते त्ये ती चौदा महिन्यांची झाल्यावरचं. आमचं मालक मिल्ट्रीत, लांब, फोन लागला तर लागला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी रानात जायच्या. उंब्रजपासनं आत आमचं घर, हायवेचं हॉर्न ऐकू येत्यात एवढ्यावर. घरात मी आन् पोरगी. मला काम पायजे हुतं, पर असलं पायजे हुतं की पोरीवरची नजर काढायला लागू नये. नववी नापास बाईला आसलं काम कोण देतंय?

दिलं वन्संनी. माझी नणंद, सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन कॉलेज करती. मला लिहायला चुका हुत्यात म्हणून मी तिला मोबाईलवर आवाज भरून पाठवायची, आज काय भाजी केली, पोरगी काय म्हणाली, दम न घेता सगळं. त्यातला एक आवाज तिनं एका रोपवाटिकेवाल्याला ऐकवला. त्यांना शेतकऱ्यांच्या मोबाईलवर आवाजातनं माहिती पाठवायची हुती, ऊस, द्राक्ष, फवारणी, आन् बाईमाणसाचा आवाज पायजे हुता, आपल्याकडचा, टीव्हीवरच्यागत न्हाई. म्हणालं, शनिवारपतूर एक नमुना पाठवा, पर नीट माईकवर केलेला पायजे, मोबाईलवर घरातलं सगळं ऐकू येतंय. आवडला तर काम तुमचं.

सोमवारी मी पोरीला घिऊन एस्टीनं सांगलीला गेले. दर स्टॉपला तिच्या कपाळाला हात लावत हुते. शेजारची म्हातारी म्हणाली, "आगं, सारखा हात लावून लावूनच तापवशील तिला." लोकं हसली. मी हात काढला आन् पुढच्या स्टॉपला परत लावला.

वन्सं मला दुकानात घिऊन गेल्या. काचंच्या कपाटात माईकच माईक. दुकानदार गडी बोलका. त्यानं दोन काढून पुढ्यात ठेवले.

"वैनी, सुरुवातीला ह्या दोनातला एक घ्यायचा. दोन्ही मोबाईलला लागतात. हा पहिला, ह्याचे कान लय तिखट. तुमचा आवाज एकदम गोड घेणार, पण भिंतीवर पाल चुकचुकली तरी तीबी घेणार. आणि हा दुसरा. ह्याला तोंडापाशी धरून बोललं तरच ऐकतो. लांबचं सोडून देतो."

"घरात कोंबड्या किती हायत सांग की त्यांना," वन्सं म्हणाल्या.

"सात."

"आन् दारावरनं उसाचं ट्रॅक्टर जात्यात टेप लावून. दिवसभर."

"मग प्रश्नच नाही," दुकानदार म्हणाला. "पहिला घेतला तर शेतकऱ्याला फवारणी कमी आणि कोंबडं जास्त ऐकू येईल."

वन्सं लय हसल्या. मग त्यानं हेडफोन काढलं, मोठं, कानावर गादी असल्यालं. आपला आवाज फुटतोय का, 'प' म्हणताना माईकवर हवा बसती का, त्ये बोलतानाच कळायला पायजे, न्हाईतर सगळं वाचून झाल्यावर कळतं म्हणं. पोरगी वन्संच्या कडंवर दिली आन् मी त्ये कानांवर चढवलं.

सगळं गेलं. रस्ता गेला, पंखा गेला, माणसं गेली. वन्सं समोर व्हट हलवत हुत्या. पोरीनं तोंड उघडलं, डोळं बारीक केलं, आन् ती हसती का रडती मला कळंना. हातभर लांब पोटची पोर आन् मला कळंना! मी त्ये हिसकून काढलं, केसासकट. ती हसत हुती.

"काय झालं वैनी, चावलं काय?" दुकानदार म्हणाला.

मीबी हसले आन् पोरीला वन्संच्या कडंवरनं परत घेतलं. म्या विचारलं, "आन् मी बोलताना ही रडली, तर मला ह्याच्यातनं कळंल?"

त्यानं दुसरा माईक हातात घेतला, वरखाली बघितला. "ह्या माईकला नाही कळणार. म्हणूनच तर चांगलाय."

वन्सं म्हणाल्या त्योच घेतला. जवळचं ऐकणारा माईक, कान झाकणारं हेडफोन, आन् माईकला घालायची स्पंजाची टोपी. मला नको म्हणायचं हुतं. पर मला नेमकं काय नको त्ये चारचौघात सांगता येईना. आपण अडाणी, शिकल्याली माणसं सांगत्यात तर आसंल तसंच.

खोलीवर वन्संनी मोबाईलवर ॲप घालून दिलं. त्यांच्या लॅपटॉपवरचं मोठं सॉफ्टवेअर पण दाखवलं, त्यात एवढी बटणं आन् सगळी इंग्लिशमधी की मला घेरीच आली. मोबाईलवरचं बरं. लाल बटण दाबलं की आवाजाची रेघ पळती, चुकलं तर कात्रीचं चित्र दाबून तेवढंच कापायचं. आन् एक झाडूचं चित्र. वन्सं म्हणाल्या, आधी खोलीतला नुसता रिकामा आवाज त्याला ऐकवायचा, मग झाडू दाबायचा, त्यो मागचा सगळा कचरा झाडून काढतो. झाडू मला कळला. म्हटलं, ह्ये मला जमंल.

बुधवारी दुपारी लाईट गेली. लाईट गेली की शेजारची गिरणी बंद, पंखं बंद, आन् ट्रॅक्टरवालं पण जेवायला थांबल्यालं. म्हटलं हीच येळ. पोरगी भुईवर अंथरुणात निजलेली. कपाळ बघितलं, थंड. आतल्या खोलीत कॉट आन् कपाटाच्या मधी दोरी बांधून वाकळ टाकली, आवाज घुमू नये म्हणून वन्संनीच सांगितल्यालं, आन् मी त्याच्या आत शिरले. घामाच्या धारा लागल्या. हेडफोन कानावर घेतलं, परत काढलं, बाहेर जाऊन पोरगी बघितली. परत आत. परत बाहेर. तिसऱ्यांदा मनाला म्हटलं, आता पुरं, आन् लाल बटण दाबलं.

"शेतकरी बंधूंनो, उसाच्या खोडव्याचं वाळलं पाचट जाळू नका."

माझाच आवाज माझ्याच कानात, एवढा जवळ, दुसरीच कुणीतरी बाई बोलतीया आसा. मला त्यो आवडला. खरं सांगते, आवडला. 'पाचट'ला हवा बसली म्हणून मी परत म्हटलं. परत म्हटलं. पाचट सरीत दाबा, वल टिकती, खत हुतं. एकसारखं जमेस्तोवर म्हटलं. किती येळ गेला कळलं न्हाई. तेवढा येळ मी भ्यायलेच नव्हते.

बाहेर आले तर अंथरूण रिकामं.

उशी हुती. दुपटं हुतं. पोरगी न्हाई. मी ओरडले का न्हाई मला ठावं न्हाई, कॉटखाली बघितलं, कपाटामागं बघितलं, पाण्याच्या बादलीत हात घालून बघितलं. तशीच वल्या हातानं दारात आले. अंगणात आत्याबाई उभ्या, कडंवर पोरगी, तोंड लाल, हुंदकं दिऊन दिऊन आवाज बसल्याला.

"मेली हुतीस का काय आत?" आत्याबाई म्हणाल्या. "वाटंवरनं मला ऐकू आलं हिचं. वाटंवरनं! दोन हाका मारल्या तुला."

म्या पोरीला घेतलं, कपाळ बघितलं. रडून गरम झाल्यालं का तापानं, कळंना. तासाभरानं निवलं तवा मी श्वास सोडला.

संध्याकाळी वन्संचा फोन आला, केल्यालं ऐक म्हणाल्या. मी ऐकलं. माझ्या आवाजाच्या मागं, लय लांब, मांजराच्या पिल्लागत बारीक, तिचं रडणं हुतं. मी म्हणतीया वल टिकती, आन् ती रडतीया. मी म्हणतीया खत हुतं, आन् ती रडतीया. मग आत्याबाईची हाक, आगं ए. परत एकदा, आगं ए. आन् मी पाचट म्हणतीया.

"मागचं थोडं येतंय का? मग झाडू दाब की," वन्सं फोनवर म्हणाल्या. त्यांना काय झालं त्ये म्या सांगितलं नव्हतं.

दाबला. थोडं गोल फिरलं आन् झालं. परत लावलं. माझा आवाज साफ, चकचकीत, घासल्याल्या भांड्यागत. पोरगी न्हाई. आत्याबाई न्हाई. घरात मी एकलीच. मोबाईल माझ्या हातातनं खाली पडला. पोरगी मांडीवर बिस्कीट खात बसल्याली आन् मी तिला एवढी आवळली की ती परत रडायला लागली, आन् ह्या येळी रडल्यालं मला गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं खोक्यात भरायला घेतलं. दुकानात परत द्यायचं, न्हाईतर बदलून त्यो तिखट कानाचा आणायचा, कोंबडं आलं तर येऊ दे. आन् त्योबी न्हाई जमला तर काम सोडायचं. रोपवाटिकेवाल्याला दुसरी बाई मिळंल. मला दुसरी पोरगी न्हाई.

आत्याबाई रानात निघाल्या हुत्या, दारातच थांबल्या. "काय भरतीस?"

"नको मला ह्ये. मला कायच ऐकू येत न्हाई ह्यात. भ्या वाटतंय."

त्यांनी हातातला इळा खाली ठेवला. मी म्हटलं आता बोलणी खाणार, नवऱ्यानं पाठवल्यालं पैसं माईकात घातलंस म्हणून. त्यांनी हेडफोन उचललं, स्वतःच्या कानांवर घातलं, पदरावरनंच. थोडा येळ तशाच उभ्या. मग काढलं.

"आमची गिरणी हुती तवा ह्याच्यापरास वाईट हुतं," त्या म्हणाल्या. "पट्टा सुरू झाला की शेजारचा माणूस बोंबलला तरी कळायचं न्हाई. तुझा नवरा तितंच झोळीत निजायचा. मी पीठ भरायची."

"मग रडलेलं कसं कळायचं?"

"कानानं कशाला कळायला पायजे? झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. पोर हललं की अंगठा वढतो. रडणारं पोर हलल्याबिगर ऱ्हातंय व्हय?"

"आन् आकडी..."

"आकडीला तर सगळं अंगच झटकं देतंय. दोरी काय झोपती का?" आन् मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "एवढी शिकल्याली नणंद, एवढा दुकानदार, कुणालाच सुचलं न्हाई. सगळी कानाच्याच मागं."

त्या दिवशी त्या रानात उशिरा गेल्या. तुळईला जुन्या लुगड्याची झोळी टांगली, वढून बघितली, स्वतः लोंबकळून बघितली. तुळई कुरकुरली. तिखट कानाचा माईक असता तर त्यानं ती कुरकुर पहिली घेतली असती, ह्यो न्हाई घ्यायचा. दोरी वाकळंखालनं आत आणली. माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गाठ त्यांनीच मारली, एवढी घट्ट की अंगठा निळा पडला. म्हटलं राहू दे. सैल नको.

शुक्रवारी दुपारी मी आत बसले. कान झाकलं. सगळं परत गेलं, पर एक दोरी राहिली. पोरीनं कूस बदलली की अंगठ्याला बारीक वढ यायची, मी बोलायची थांबायची, वढ थांबली की पुढचं वाक्य. मधली थांबल्याली जागा कात्रीनं कापायची. झाडूला म्या हात लावला न्हाई. कुठलं काय झाडून न्हेतोय त्ये मला कळणार न्हाई म्हणून.

चांगलं चाललं हुतं. मग दोरी हलायचीच थांबली. वढ आली की भ्या, आन् न्हाई आली की त्याहून भ्या, कारण आकडी आली त्या दिवशीबी आधी सगळं थांबलंच हुतं. मी बाहेर पळाले. शांत निजल्याली, तोंडात अंगठा. आत आले, दोन वाक्यं केली, परत पळाले. मग एक युक्ती केली, अंगठा थोडा मागं वढायचा, झोळी हलती, पोरगी कुरकुरत पाय झाडती, दोरी हलती. म्हणजे बरी हाय. बिचारीची झोप मोडती, ह्ये मला कळतंय. पर मी काय करू?

एक मिनिटाच्या नमुन्याला आख्खी दुपार गेली. शनिवारी सकाळी पाठवला. दिवसभर मी मोबाईलकडं बघितलं न्हाई. सांजच्याला वन्संचा फोन, किंचाळतच, "वैनी, आवडलं त्यांना! लय मोकळा आवाज हाय म्हणाले. अजून दहा पाठवलेत वाचायला!"

दहा! आत्याबाईंनी पोरीच्या गालाला हात लावला आन् मला म्हणाल्या, "दात दिसू दे की जरा." मी हसले. पर मनात मोजत हुते. दहा दुपारी कान झाकून बसायचं.

सोमवारी लाईट गेली तशी मी पोरीचं कपाळ बघितलं, झोळीत घातली, गाठ मारली आन् वाकळंत शिरले. पहिलंच वाक्य द्राक्षाचं हुतं. म्हणायच्या आधी मी अंगठा मागं वढला आन् थांबले. काय न्हाई. परत वढला. घाम डोळ्यात जात हुता, लाल बटणावर बोट तसंच. आन् मग दोरीतनं, रागानंच, एक लाथ बसली. मी बटण दाबलं.