शिफ्ट केलंय

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो. टाइम ऑफिस म्हणजे गेटला लागून एक खोली आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. कोण कामावर आलं, कुणाची कुठली शिफ्ट, एवढं लिहून ठेवायचं माझं काम. शिरूरच्या कॉलेजातून मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, म्हणून साहेबांची पत्रंही मलाच लिहावी लागत. मी कंत्राटावर होतो आणि दिवाळीनंतर कायम करतो असा शब्द मला मिळाला होता. पुढे मी जे केलं त्याचं हे एक कारण. हे एकच होतं असं मात्र मी म्हणणार नाही.

त्या दिवशी मी सकाळी साडेसहाला कामावर पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. नाइट शिफ्टच्या एका हेल्परच्या अंगावर पाइपचा जोड सुटून उकळतं केमिकल आलं होतं. तिशीतला माणूस, दौंडच्या पलीकडच्या एका वस्तीवरून सायकलवर यायचा. घासून घासून त्याच्या बोटांचे ठसे गेले होते, हजेरीचं मशीन त्याचा अंगठा घ्यायचं नाही, म्हणून तो रोज माझ्या खिडकीशी येऊन सही करायचा. त्याला आधी दौंडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला नाही, सरळ पुण्याला पाठवलं.

सात वाजता पर्सोनेलच्या साहेबांनी मला आत बोलावलं. घरचं कुणी आलं तर काय सांगशील, असं विचारलं. पुण्याला ॲडमिट केलंय म्हणून सांगेन, मी म्हणालो.

"पुणं नाही, दवाखाना नाही, भाजला तर अजिबात नाही. वरून माणूस येईपर्यंत एवढंच सांगायचं, शिफ्ट केलंय. ते काही खोटं नाही."

मला लगेच कळलं आणि मी थोडा हसलो. शिफ्ट म्हणजे पाळी आणि शिफ्ट करणं म्हणजे हलवणं, एकच शब्द नामही आणि क्रियापदही. पण कंपनीच्या गेटवर तो ऐकणाऱ्याच्या कानात फक्त पाळी शिरते. साहेबांना हे कॉलेजात न शिकता सुचलं याचं मला कौतुक वाटलं. ते कौतुक मला आजही आठवतं.

साडेआठला त्याची बायको आली. बदली माणूस आला नाही की त्याला पुढच्या पाळीला थांबवून घेत, तसं पूर्वी दोनदा झालं होतं. म्हणून ती डबा घेऊनच आली होती.

"दादा, आमचं माणूस अजून घरी आलं न्हाई. फोन वाजतुय, पण उचलत न्हाईत."

"त्यांना शिफ्ट केलंय," मी म्हणालो.

"म्हंजी डबल शिफ्ट हाय व्हय?"

मी रजिस्टरचं पान उलटलं. माझ्या गप्प बसण्याचा तिने होकार धरला. मला वाटलंच होतं, असं म्हणत तिने डबा खिडकीतून आत सरकवला आणि तेवढा आत पोचवा म्हणाली. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी डबा घेतला आणि टेबलाखाली ठेवला.

माझ्या मजुरीचा आजचा खाडा झालाच आहे, आता तीनला संगंच जाऊ, असं सांगून ती समोरच्या चहाच्या टपरीमागे लिंबाखाली बसली. थोड्या वेळाने तिने पुन्हा फोन लावला असावा. आत मोबाइल न्यायला बंदी असल्यामुळे कामगारांचे फोन माझ्या मागच्या कप्प्यांत असत. त्यातला त्याचा वाजायला लागला. मी उठलो आणि तो बंद केला.

साडेबाराला साहेबांचा निरोप आला. माणूस गेला होता. तीनच्या गर्दीत तमाशा नको, गेट मोकळं झालं की मीच येऊन सांगतो, असं साहेब म्हणाले. म्हणजे पुढचे अडीच तास मला सगळं माहीत होतं आणि ती मला खिडकीतून दिसत होती. एकदा तिने टपरीवाल्याकडून पाणी मागून घेतलं. एकदा माझ्याकडे बघून हसली.

तीनला शिफ्ट सुटली. ती गेटच्या कडेला उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. सगळ्यांना बातमी कळलेली होती. सगळे खाली बघून निघून गेले. शेवटी ती खिडकीशी आली.

"दादा, ते कुठं हाईत? तुमी तर म्हणला, शिफ्ट हाय."

"शिफ्ट आहे असं मी म्हणालो नव्हतो, ताई. शिफ्ट केलंय म्हणालो होतो. पुण्याच्या दवाखान्यात."

तिच्या चुकीची दुरुस्ती करावी तसं मी ते बोललो. ती रडली नाही.

"म्हंजी सकाळधरनं ते हितं न्हाईतच?"

"नाहीत."

"आन् डबा?"

मी टेबलाखालून डबा काढून दिला. हातात घेताच तो भरलेला असल्याचं तिला कळलं. मग साहेब आले आणि उरलेलं त्यांनी सांगितलं.

पंधरा दिवसांनी चौकशीला सरकारी अधिकारी आले. घरच्यांना काय कळवलं, असं त्यांनी मला विचारलं. पेशंटला शिफ्ट केल्याचं सांगितलं, मी म्हणालो. कुटुंबाला वेळेवर कळवण्यात आले, असं त्यांनी लिहिलं आणि मी खाली सही केली. दिवाळीनंतर मी कायम झालो.

तिला नवऱ्याच्या जागी झाडलोटीच्या कामावर घेतलं. पुढच्या आठवड्याचा तक्ता मी दर शनिवारी लावतो. तिला तो वाचता येत नाही, म्हणून ती खिडकीशी येऊन विचारते, सकाळी येऊ का दुपारी. तो शब्द तिने माझ्यासमोर परत कधी उच्चारला नाही.

दोन वर्षांनी एका शनिवारी खिडकीशी ती एकटीच होती. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी..."

"दादा," ती म्हणाली, "माझं सोमवारचं बघा."

मी बघितलं. सोमवारी तिला दुपारी यायचं होतं.