थंडीत गाडी चालू करणारा जावई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या आणि मग कप तोंडाला लावा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या शेजाऱ्यांच्या नाकातून चहा आला, आणि त्यांची बायको अजून माझ्याशी बोलत नाही.

तर मी साताऱ्याचा. एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यानं बनवलेला माल मापात बसतो का ते बघायचं. आमचे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, तासगावजवळच्या एका गावात द्राक्षबाग करतात. मी त्यांना मामा म्हणतो. गावात त्यांना कुणी विचारलं, "जावई काय करत्यात?" तर मामा सांगायचे, "दुसऱ्यानं केल्यालं मोजत्यात." आणि लगेच विषय द्राक्षांवर न्यायचे.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाच्या तोंडून माझ्या कौतुकाचं एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते लय लागायचं.

आता माझा छंद सांगतो. रिमोटच्या गाड्या. थांबा, तोंड वाकडं करू नका! सेलवर घरंगळणारं खेळणं नव्हे, नायट्रो गाडी. हातभर लांब, आत लिंबाएवढं खरंखुरं इंजिन. त्याला पेट्रोल चालत नाही, वेगळं नायट्रोचं इंधन लागतं. दोरी ओढून चालू करायचं. एकदा पेटलं की धूर काय, आवाज काय, गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर येऊन शिव्या देतात!

पण या इंजिनाला थंडी सोसत नाही. गार पडलं की रुसून बसतं. मग त्याला शेकायचं, लोकरीच्या मोज्यात गुंडाळायचं, इंधनाची बाटली कोमट पाण्यात धरायची, बॅटऱ्या अंगाच्या उबेला ठेवायच्या. एवढे लाड केल्यावर मनात आलं तर चालू होतं. साताऱ्यातल्या आम्हा चार-पाच गाडीवेड्यांत या कामात मी जरा बरा होतो. जरा.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीत सासरी गेलो, मोबाईलवर मामांना व्हिडिओ दाखवला आणि माझी जीभ सुटली. "मामा, पाचगणीच्या थंडीत सगळ्यांच्या गाड्या गप! चालू कुणाची? माझी एकट्याची!"

मामांनी चष्मा लावला. पहिल्यांदा माझ्या हातातली कुठलीतरी गोष्ट ते नीट बघत होते. "थंडीत इंजान चालू करणं सोपं न्हवं," ते म्हणाले. "आमी लडाखला बॉनेटवर घोंगड्या टाकायचो."

आणि तिथंच माझा घात झाला. जानेवारीत मामांचा फोन आला.

"सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळंच्या मैदानात तुमची गाडी पळवायची. समद्या गावाला शबूद दिलाय मी. माजा जावई कसल्याबी थंडीत इंजान चालू करतोय, म्हणून सांगितलंय."

माजा जावई! ऐकलंत का? मी फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. बायको, शीतल, एकदा माझ्याकडे आणि एकदा गाडीकडे बघून म्हणाली, "आत्ताच सगळं रडू नका. थोडं तिथं लागेल."

सव्वीस जानेवारीची सकाळ. अशी थंडी, की बागांवर धुकं बसलेलं आणि अख्खं गाव कानटोपीत. नातेवाईक ओळखू येईनात. मामा मात्र फौजेतला जाड ओव्हरकोट घालून, छातीवर मेडलं लावून ताठ उभे. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, जिलेबीचं टेबल मांडून झालं. मग मामांनी माइक हातात घेतला.

"आता आमचं जावई गाडी चालू करत्याल. शबूद म्हंजी शबूद."

मी गाडी एका लाकडी ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी. दोरी ओढली. खर्रर्र. काही नाही. परत ओढली. खर्रर्र. परत. खर्रर्र. घाम फुटला हो, त्या थंडीत!

आणि आपल्याकडे गाडी बंद पडली की काय होतं? जमलेला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो.

"दाजी, चोक द्या की चोक!"

"तिरकी करा जरा. माजी लुना तशीच पेटायची."

"ढकलून बगायची का?"

हातभर गाडी! ती ढकलायला चार बाप्ये धोतरं सावरत उठले!

तेवढ्यात आमच्या सासूबाई, मामी, जवळच्याच घरातून पळत आल्या. हातात तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी. "सरा बाजूला! लेकराची छाती भरली की ह्येच करत्यात." आणि त्यांनी माझ्या इंजिनाला ओव्याचा शेक द्यायला सुरुवात केली. वर म्हणतात कशा, "गारठलंय वो माजं बाळ!" मी गाडी धरून बसलो.

पाच-सात शेक झाले, इंजिनाला ओव्याचा घमघमाट सुटला, पण हूं की चूं नाही. मामा नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मिशा खाली आल्यासारख्या वाटल्या मला. कुणीतरी मागून पुटपुटलं, "सुभेदारांनी उगं शबूद दिला." ते मामांनी ऐकलं. मीही ऐकलं. त्या क्षणी मला वाटलं, ही गाडी चालू झाली नाही तर या गावात मी पुन्हा तोंड दाखवणार नाही.

"शीतल! तुझा केसांचा ड्रायर आण!"

"त्याला ऑइल लागलं ना, तर—"

"अगं, तुझ्या वडलांची अब्रू चाललीय!"

ड्रायर आला. स्पीकरच्या बोर्डातच वायर लावली. इकडे ड्रायर सुरू झाला आणि तिकडे मधल्या वेळात सुरू झालेलं हेडमास्तरांचं भाषण लोडनं बंद पडलं. गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या टाळ्या.

तेवढ्यात बघतो तर रिमोटचा लाल दिवा मिचमिच करतोय. थंडीनं बॅटऱ्या मलूल झालेल्या. आमचा रिमोट असतो पिस्तुलासारखा. खाली मूठ, मुठीला घोडा, बाजूला छोटं चाक. घोडा दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते, आणि चाक फिरवलं की वळते. म्हटलं, याला आधी ऊब द्यायला पाहिजे. मामांचा कोट बघितला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

"मामा, हा जरा कोटाच्या आत धरा. फक्त घोड्याला बोट लावू नका."

मामांनी माझ्याकडे असं काही बघितलं! "पाव्हणं, उभी हयात बंदूक धरली मी. घोड्याला बोट कवा लावायचं, ते मला शिकवू नगा."

आणि हात कोटात घातला.

मी उजव्या हातात ड्रायर धरून इंजिनावर वारा मारत राहिलो, डाव्या हातानं दोरी ओढत राहिलो. खर्रर्र… खर्रर्र… तर्रर्रर्र! पेटलं! निळा धूर, कानठळ्या, मैदानात नुसता गलका! मी डाव्या हातानं गाडी उचलून जमिनीवर ठेवली, उठलो, उजव्या हातातली मूठ आवळली आणि घोडा दाबला.

गाडी सुसाट सुटली!

काय पळाली म्हणून सांगू! पहिल्या झटक्यात खुर्च्यांच्या रांगेखालून गेली. सरपंचांनी दोन्ही पाय वर घेतले ते खालीच ठेवेनात. लेझीमच्या पोरी किंचाळत दोन्हीकडे पांगल्या. गाडी जिलेबीच्या टेबलाखालून आरपार गेली आणि तिच्यामागे गावातली सगळी कुत्री.

"वा दाजी वा! वळवा आता!"

मी डावीकडे वळवली. ती उजवीकडे गेली. मी घोडा सोडला. ती आणखी जोरात सुटली. म्हटलं रेंज कमी पडतेय, जवळ जाऊन दाबावं. म्हणून हात पुढे करून मी तिच्यामागे धावायला लागलो. पुढे गाडी, मागे कुत्री, त्यांच्या मागे मी, आणि माझ्या मागे फरफटत येणारी एक वायर. वायर कशाची म्हणून मी बघितलं का? नाही. तुम्ही बघितलं असतंत का?

मैदानाच्या पार टोकाकडून शीतलचा आवाज आला. तिचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, स्पीकर लागत नाही तिला.

"अहो! गाडीचे केस वाळवताय का?"

मी हाताकडे बघितलं. ड्रायर! अहो, मूठ तीच, धरायची तऱ्हा तीच, मघापासून मी सगळ्या गावासमोर बायकोच्या ड्रायरनं गाडी वळवत होतो!

मग रिमोट कुठाय?

मी वळलो. मामा अजून तिथंच, छाती पुढे काढून उभे, चेहरा लालबुंद झालेला, उजवा हात कोटात. "शाब्बास पाव्हणं! शाब्बास!" म्हणून ओरडत होते, आणि प्रत्येक शाब्बासला कोटातली मूठ आणखी आवळत होते. इंजिनाचा फटफटाट कानावर पडला होता ना! फौजी माणसाचं बोट जिथं जायचं तिथं आपोआप गेलं होतं.

आणि गाडी? थेट झेंड्याच्या चबुतऱ्याकडे!

मी बोंबललो, "मामा, घोडा सोडा!"

"कसला घोडा?"

"कोटातला! कोटातला सोडा!"

मामांनी झटकन हात बाहेर काढला. रिमोट बघितला. घोड्यावरचं स्वतःचं बोट बघितलं. आणि सोडलं.

गाडी घसरत गेली आणि चबुतऱ्याच्या वीतभर अलीकडे गप्प उभी राहिली. मामांनी गाडीकडे बघितलं, वर झेंड्याकडे बघितलं, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

टाळ्या म्हणजे किती टाळ्या! माझ्या धावपळीत ड्रायरची पिन कधीच निघाली होती, त्यामुळे माइकमध्ये पुन्हा जीव आला होता. सरपंच त्याच्यावर तुटून पडले. "गावकऱ्यांनो, सुभेदारसाहेबांनी कोटाच्या आतनं, न बगता गाडी पळवली आणि झेंड्याम्होरं आणून उभी केली! ह्याला म्हंत्यात फौजी!"

"मग पाव्हणं मागनं कशाला पळत हुतं?" कुणीतरी विचारलं.

"इंजान तापलं असंल. वारा घालाय!"

आता मामा खरं काय ते सांगतील म्हणून मी वाट बघत राहिलो. मामांनी गळ्यात हार घालून घेतला, जिलेबी खाल्ली, लडाखची एक गोष्ट सांगितली. घरी जाताना मी हळूच विषय काढला. "मामा, ते घोड्यावरचं बोट…"

"पाव्हणं," मामा मिशीला पीळ देत म्हणाले, "गावाला शबूद कुणी दिलता?"

"तुम्ही."

"मग पाळला कुणी?"

या जानेवारीत पुन्हा फोन आला. मी मनातून खूश. मोजा धुऊन ठेवलेला, नव्या बॅटऱ्या आणलेल्या.

"गाडी एस.टी.च्या पार्सलानं पाठवून द्या," मामा म्हणाले. "समदं गाव वाट बगतंय."

"पार्सलानं कशाला मामा? मीच घेऊन येतो की!"

"ऱ्हाऊ द्या. तुमाला कुठं रजा मिळायची?"

"मामा, सव्वीस जानेवारीला अख्ख्या देशाला सुट्टी असते हो!"

"व्हय का? मग घरी पडून आराम करा."